कोतवालाचें बुक आणि परिचारिकेची वही

दोन वर्षांपूर्वीं बुलढाणा जिल्ह्यांतील एका तहसील कचेरींत आम्हांस तीन खेपा घालाव्या लागल्या. काम नेहमींचेंच होतें. घरांतील एका मुलाच्या जातीच्या दाखल्यासाठीं १९६७ सालापूर्वींचा कांहीं तरी लेखी पुरावा हवा होता. आणि वऱ्हाडांत असा पुरावा म्हणजे कोतवाल बुकाची नक्कल, हें आतां शाळकरी मुलांसही ठाऊक झालें आहे. गांवच्या पाटील-कोतवालांनीं जन्ममृत्यूच्या ज्या वर्द्या दिल्या, त्यांचीं हीं पुस्तकें. तिसऱ्या खेपेस आमच्या आजोबांच्या जन्माची नोंद सांपडली आणि काम झालें. परंतु नक्कल तयार होऊन तीवर सही-शिक्का होईपर्यंत बसून राहणें भाग होतें, म्हणून कारकुनाच्या परवानगीनें आम्ही पुढचीं पानें चाळूं लागलों.

१९२६ सालच्या पानावर पणजोबांचें नांव पुन्हां दिसलें. त्यांस मुलगी झाली होती. मुलीचें नांव नाहीं. तें लिहिण्याची रीत नव्हती. ही आमच्या आजोबांची धाकटी बहीण, तिला आम्हीं लहानपणीं पाहिलें आहे. त्याच वर्षाचीं मृत्यूचीं पानें निराळीं होतीं. तीं उलटतां उलटतां एके ठिकाणीं बोट थांबलें. पणजोबांची बायको, वय चोवीस, आजार ताप. दोन तारखांत अकरा दिवसांचें अंतर होतें. पणजी तापानें गेली एवढेंच आमच्या घरांत सांगत, तेंही क्वचित्. जन्माचें पान आणि मृत्यूचें पान शेजारीं शेजारीं ठेवून कोणी पाहिलें असतें, तर हा कोणता ताप हें कळावयास वैद्य लागला नसता. पण तशीं तीं कोणीं ठेविलींच नाहींत, घरांतही नाहीं आणि सरकारांतही नाहीं.

त्या दिवसापासून रुग्णशुश्रूषेच्या इतिहासाकडे पाहण्याची आमची दृष्टि थोडी बदलली. शुश्रूषा म्हटली कीं दया, सेवा, त्याग हे शब्द आपल्या ओठीं आपोआप येतात. ते खोटे नाहींत. परंतु उशाशीं बसणाऱ्याला जें दिसतें तें लिहिलें जातें कीं नाहीं, आणि लिहिलेलें कोणी वाचतो कीं नाहीं, या दोन प्रश्नांवर रोग्याचें मरण-जगणें किती अवलंबून असतें याचा विचार आपण क्वचितच करतों.

आधीं या बुकांविषयींच थोडें सांगितलें पाहिजे, कारण त्यांची योग्यता दाखल्यापुरती नाहीं. १८५३ सालीं निजामानें वऱ्हाड इंग्रजांच्या हवालीं केलें. १८६७ सालीं, म्हणजे सबंध हिंदुस्थानची पहिली शिरगणती होण्यापूर्वीं, वऱ्हाडची स्वतंत्र शिरगणती झाली आणि लोकसंख्या २२,३१,५६५ भरली. पुढें जन्ममृत्यूच्या वर्द्या गांवाहून ठाण्यांत आणि ठाण्यांतून वर जाऊं लागल्या. गांवचा पाटील वतनदार, जागचा माणूस. गांवांत कोण जन्मलें नि कोण गेलें हें त्याला न कळण्याजोगें नसे. त्यामुळें वऱ्हाडची ही नोंद त्या काळच्या हिंदुस्थानांत पुष्कळच भरंवशाची उतरली. इतकी, कीं लंडन येथील लोकसंख्याशास्त्रज्ञ टिम डायसन यांनीं १८८१ ते १९८० या शंभर वर्षांतील लोकसंख्येचा इतिहास लिहावयास घेतला तेव्हां वऱ्हाडच निवडलें. तो निबंध १९८९ सालीं प्रसिद्ध झाला. बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या १९०१ सालच्या शिरगणतींत ४,२३,६१६ भरली, ती आधींच्या दहा वर्षांपेक्षां शेंकडा बारांच्या सुमारास घटली होती. मधें १८९९-१९०० चा दुष्काळ येऊन गेला होता. दुष्काळांत माणसें मरूं लागण्यापूर्वींच गर्भधारणा कशी कमी होते आणि मृत्यूचा कहर पुष्कळदां पाऊस परतल्यावर हिंवतापाच्या रूपानें कसा येतो, हें दक्षिण आशियांतील दुष्काळांविषयीं डायसन यांनीं दाखविलें, त्याच्या आधारांत वऱ्हाडच्या या वर्द्याही आहेत. ज्या कोतवालानें त्या दिल्या, त्याला याचें कांहींच ठाऊक नव्हतें.

पण याच बुकांत एक मोठें भोंक आहे, आणि त्याचें नांव 'ताप'. मृत्यूच्या कारणाच्या रकान्यांत पटकी, देवी, प्लेग हे उघड ओळखूं येणारे रोग बरे नोंदले जात. बाकीचें बहुतेक सर्व तापांत जाई. हिंवताप तापांत, विषमज्वर तापांत, १९१८ च्या इन्फ्लुएंझांत मेलेलीं पुष्कळ माणसें तापांत. मध्यप्रांत-वऱ्हाडास त्या साथीचा तडाखा हिंदुस्थानांतील बहुतेक प्रांतांहून अधिक बसला होता. आणि सूतिकाज्वरानें गेलेल्या आमच्या पणजीसारख्या बायकाही तापांतच गेल्या. यांत कोतवालाचा दोष नव्हता. बाळंतिणीच्या खोलींत त्याला प्रवेश नव्हता. खोलींत होती ती सुईण. तिसऱ्या दिवशीं अंग तापलें, पांचव्या दिवशीं घाण येऊं लागली, आठव्या दिवशीं बडबड सुरू झाली, हें सगळें तिनें पाहिलें. पण तिला लिहितां येत नव्हतें आणि तिला कोणी विचारलेंही नाहीं. पाहणारी एक, लिहिणारा दुसरा, आणि वाचणारा शंभर वर्षांनीं साता समुद्रांपलीकडे.

चरकानें चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, उपस्थाता आणि रोगी. उपस्थाता म्हणजे जवळ राहून शुश्रूषा करणारा. त्याच्या अंगीं उपचारांचें ज्ञान, दक्षता, रोग्याविषयीं अनुराग आणि शुचिता हे चार गुण असावे अशी अपेक्षा आहे. यांत ज्ञान पहिलें आहे हें मुद्दाम ध्यानांत घेण्याजोगें. आपल्या समाजानें पुढें अनुराग तेवढा बायकांकडे ठेविला आणि ज्ञान काढून घेतलें.

पाहणें, लिहिणें आणि वाचणें हीं तिन्हीं कामें एका ठिकाणीं आणणारी पहिली व्यक्ति म्हणून फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचें नांव घ्यावें लागतें. क्रिमियाच्या युद्धांत (१८५४-५६) स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयांत हातीं दिवा घेऊन फिरणारी स्त्री, एवढीच त्यांची मूर्ति आपल्या क्रमिक पुस्तकांनीं आपल्यापुढें ठेविली आहे. त्या दिव्यानें त्यांच्यावर मोठा अन्याय केला असें आम्हांस वाटतें. युद्धावरून परत आल्यावर त्यांनीं मेलेल्या शिपायांचे आंकडे मांडले, त्यांच्या आकृत्या काढल्या आणि शत्रूच्या गोळीपेक्षां रोगानेंच कितीतरी अधिक शिपाई गेले हें मंत्र्यांच्या डोळ्यांपुढें ठेविलें. लंडनच्या सांख्यिकी सभेनें त्यांना सभासद करून घेतलें; त्या सभेच्या त्या पहिल्या स्त्री-सभासद.

याहून आम्हांस मोलाचें वाटतें तें त्यांचें दुसरें, फारसें कोणास ठाऊक नसलेलें काम. त्यांच्या निधीच्या साहाय्यानें लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयांत सुइणींच्या शिक्षणासाठीं बाळंतिणींचा एक वार्ड चालविला होता. तेथें सूतिकाज्वरानें बायका दगावूं लागल्या आणि १८६७ सालीं तो बंद करावा लागला. दुसऱ्या कोणी हें प्रकरण येथेंच मिटविलें असतें. नाइटिंगेलबाईंनीं उलट ठिकठिकाणच्या प्रसूतिगृहांचे आंकडे गोळा करावयास आरंभ केला आणि १८७१ सालीं पुस्तकच लिहिलें. निष्कर्ष असा निघाला कीं, गरिबांच्या घरांत होणाऱ्या बाळंतपणांपेक्षां मोठ्या प्रसूतिगृहांतील बाळंतपणेंच अधिक घातक होतीं. आपण उभारलेल्या कामांतील मरणें आपणच मोजून जगापुढें मांडणें, याला हल्लीं गुणवत्ता-सुधारणा म्हणतात. त्या वेळीं त्याला नांव नव्हतें.

हिंदुस्थानाशीं त्यांचा संबंध असाच आंकड्यांतून आला. त्या इकडे एकदांही आल्या नाहींत. येथील लष्करी छावण्यांकडून प्रश्नपत्रिकांचीं उत्तरें मागवून त्यांनीं तीं तपासलीं. गोऱ्या शिपायांत दर हजारीं ६९ मृत्यू दरसाल होतात, ही गोष्ट १८६३ च्या राजकीय आयोगाच्या अहवालानें जगजाहीर झाली. दहा-अकरा वर्षांनीं हेंच प्रमाण १८ वर आल्याचें त्यांनीं लिहिलें. गोरा शिपाई वांचूं लागला. मग खेड्यांचें काय, हा प्रश्न त्यांनीं पुढें लावून धरला. पुण्याच्या सार्वजनिक सभेशीं त्यांचा पत्रव्यवहार होता. १८९६ सालीं, वयाच्या शहात्तराव्या वर्षीं, ग्रामीण हिंदुस्थानांत घरोघर जाऊन आरोग्य शिकविणारीं माणसें असावींत यावर त्यांनीं लेख लिहिला. तें त्या वेळीं कोणी मनावर घेतल्याचें दिसत नाहीं. त्याच वर्षीं मुंबईंत प्लेग शिरला आणि सरकारचें लक्ष घरें धुण्याकडे नि माणसें हुडकण्याकडे लागलें.

आपल्याकडे शुश्रूषेचा धंदा कसा रुजला तें थोडक्यांत सांगतों. मुंबईंत शिक्षण घेण्यास आलेली पहिली देशी परिचारिका म्हणून १८९१ सालच्या काशीबाई गणपत यांचा उल्लेख या धंद्याच्या इतिहासांत येतो. लेडी डफरीन यांचा निधि १८८५ चा. अमरावतीचें स्त्री-रुग्णालय लोकांच्या तोंडीं अजून 'डफरीन' आणि अकोल्याचें 'लेडी हार्डिंग' आहे, त्यावरून त्या काळची वऱ्हाडांतील खूण पटते. पुण्यास १९०९ सालीं रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनीं सेवासदन काढलें आणि तेथील बायका ससून रुग्णालयांत नर्सिंग शिकूं लागल्या. त्यांत विधवा होत्या. परक्या पुरुषांचीं अंगें पुसावयाचीं, परजातीच्या माणसांची घाण काढावयाची, हें काम ब्राह्मणाच्या विधवेनें करावें यावर काय काय बोललें गेलें असेल, तें वाचकांस आम्हीं सांगावयास नको. त्या बायका तरीही गेल्या. एवढ्यावर हा इतिहास वाचणारा सुखावतो. पण १९४६ सालीं भोर समितीनें हिशेब मांडला तेव्हां देशांत ४३,००० माणसांमागें एक परिचारिका आणि ६०,००० मागें एक सुईण भरली. एवढ्या तुटवड्यांत त्या बाईनें पाहिलेलें वाचावयास कोणाला सवड असणार! तिनें हुकूम पाळावा, तापमानाचा कागद भरावा आणि पाळी संपतांच पुढच्या बाईच्या स्वाधीन करावा, एवढीच घडी बसली.

स्वातंत्र्यानंतर शिक्षण वाढलें. १९४७ सालीं भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. मुंबईंत महिला विद्यापीठाचें लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय १९६४ सालीं निघालें. परिचारिकांच्या प्रबंधांनीं ग्रंथालयांचीं कपाटें भरलीं. वार्डांतील घडी मात्र फारशी मोडली नाहीं. चार वर्षांपूर्वीं आमचे एक वृद्ध नातेवाईक एका रुग्णालयांत दीड महिना होते. कोणतें तें सांगण्याचें कारण नाहीं. त्यांच्या पाठीस शय्याव्रण होऊं लागला आहे, हें रात्रपाळीच्या परिचारिकेनें सहाव्या दिवशींच वहींत लिहून ठेविलें होतें. तें वाचून कूस बदलण्याची पाळी लावावयास तेरावा दिवस उजाडला. मग आम्हीं तिला विचारलें कीं, या वार्डांत वर्षास असे किती व्रण होतात? तिनें मोकळेपणानें सांगितलें कीं, एक एक वहींत आहे, पण बेरीज कोणीं केलेली नाहीं. वह्या भरल्या कीं गठ्ठे बांधून माडीवर जातात. तिच्या बोलण्यांत तक्रारीचा सूर नव्हता, आणि आम्हांस तें अधिक लागलें.

ही घडी मोडल्याचें ठळक उदाहरण आम्हांस विदर्भाच्या दुसऱ्या टोकास सांपडतें. गडचिरोलींत डॉ. अभय आणि राणी बंग यांनीं 'सर्च' ही संस्था उभारली. ते दोघेही डॉक्टर आहेत, परिचारिका नव्हेत, ही गोष्ट या धंद्यांतील कोणास टोंचेल तर तें रास्तच आहे. १९८९ सालीं राणीबाईंचा एक निबंध 'लॅन्सेट' या इंग्रजी वैद्यकीय पत्रांत आला. दोन खेड्यांतील ६५० बायका त्यांनीं तपासल्या, आणि शेंकडा ९२ बायकांत स्त्रीरोगांपैकीं कांहीं ना कांहीं आढळलें. या बायका दवाखान्यांत आल्या नव्हत्या, म्हणून त्यांचे रोग कोणाच्या वहींत नव्हते. १९९५ पासून ३९ गांवांत त्यांनीं निराळाच प्रयोग केला. गांवांतीलच थोडें शिकलेल्या बायका निवडून त्यांना आरोग्यदूत केलें. बाळ जन्मतांना हजर राहावयाचें, ठरल्या दिवशीं घरीं जावयाचें, बाळाचें वजन करावयाचें, श्वास मोजावयाचे, ताप पाहावयाचा आणि सगळें स्वतःच्या हातानें लिहावयाचें. जंतुदोषाचीं लक्षणें दिसलीं तर औषधही तीच देई, प्रसंगीं टोंचूनसुद्धां. दर हजार जन्मांमागें पहिल्या महिन्यांत मरणारीं बालकें साठांच्या वर होतीं, तीं तिसऱ्या वर्षीं २५.५ वर आलीं. शेजारच्या ज्या गांवांत हा प्रयोग नव्हता, त्यांच्याशीं ताडून पाहतां घट शेंकडा ६२ भरली. जंतुदोष झालेल्या बाळांपैकीं आधीं शंभरांत सोळा-सतरा जात. तीं तिनांवर आलीं. १९९९ सालीं हा निबंध 'लॅन्सेट'मध्येंच प्रसिद्ध झाला.

याच गांवांतील ७७२ बाळंतिणींची जी नोंद झाली, ती आमच्या पणजीशीं अधिक जवळची आहे. घरीं बाळंत झालेल्या या बायकांपैकीं निम्म्याहून अधिक जणींस प्रसूतींत वा नंतरच्या दिवसांत कांहीं तरी दुखणें झालें, आणि त्यांतील मोठा भाग बाळंतपण आटोपल्यानंतरच्या दिवसांतला होता. बाळ झालें, वार पडली, आतां सगळें सुखरूप, असें घरांतील माणसें म्हणूं लागतात तेच हे दिवस. यांत नवी शोधलेली अशी विद्या कांहींच नाहीं. खोलींत बसणाऱ्या बाईच्या हातीं प्रथमच पेन्सिल आली, आणि तिनें लिहिलेलें लगेच वाचलें जाऊं लागलें.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. नाहींतर वाचक म्हणतील कीं वही भरली कीं माणसें वांचतात. उत्तर प्रदेशांत १२० प्रसूतिकेंद्रांत एक मोठा प्रयोग झाला. निम्म्या केंद्रांतील परिचारिकांस सुरक्षित प्रसूतीची टांचणयादी दिली, ती वापरण्यास शिकविलें. निम्मीं केंद्रें होतीं तशीं ठेविलीं. दीड लाखांवर माता पाहण्यांत आल्या. २०१७ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला. यादी मिळालेल्या ठिकाणीं कामाची रीत सुधारली. पण मरणांत म्हणण्याजोगा फरक पडला नाहीं. हात धुतल्याची खूण करणें आणि बाळंतिणीला रक्त मिळणें या दोहोंमध्यें जो रस्ता आहे तो यादींत नव्हता. गडचिरोलींत लिहिणाऱ्या बाईच्या हातीं औषध होतें आणि पाठीशीं रुग्णालय होतें. येथें तिला लिहावयास सांगितलें, अधिकार मात्र पूर्वींइतकाच ठेविला. कोतवालासही बिचाऱ्याला वर्दी देण्यापलीकडे अधिकार नव्हता.

आतां पुन्हां बुलढाण्याकडे वळूं. जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेंत २५,८६,२५८ होती. सहा वर्षांखालील मुलांत दर हजार मुलग्यांमागें मुली ८५५, आणि दहा वर्षांपूर्वीं त्याच ९०८ होत्या. जन्माच्या पानावर 'मुलगी' एवढेंच लिहिणाऱ्या कोतवालाच्या बुकांत निदान ती होती तरी. महाराष्ट्रांत लाख जिवंत जन्मांमागें मातांचे मृत्यू २०१८-२० या काळांत ३३ वर आले, ही गोष्ट मोठीच आहे. ९ ऑक्टोबर २०२४ रोजीं बुलढाण्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचें उद्घाटन झालें. तेथें प्राध्यापक येतील, शोधनिबंधही लिहितील. त्यांना विषय दूर शोधावयास नको. संग्रामपूर-जळगांव जामोदकडे पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाणपट्टा आहे. तेथील मूत्रपिंडाच्या विकारांविषयीं लोक वर्षानुवर्षें तळमळून बोलत आले आहेत. कोणत्या घरांत, कोणत्या विहिरीचें पाणी पिणारा, कितव्या वर्षीं सुजूं लागला, हें उपकेंद्राच्या परिचारिकेइतकें कोणास ठाऊक असणार? तिच्या वह्यांचे गठ्ठे माडीवरून खालीं आणावे आणि तिलाच शेजारीं बसवून वाचावे, असें आमचें त्या येणाऱ्या विद्वानांस सांगणें आहे. निबंधावर तिचें नांव घालावयास विसरूं नये.

नक्कल घेऊन परततांना आम्ही वाटेंत एका गांवीं नातेवाइकांकडे थांबलों. त्या घरीं सून बाळंत झाली होती, जिल्ह्याच्या ठिकाणीं, सुखरूप. सातवा दिवस होता आणि गांवच्या आशाताई घरभेटीस आल्या होत्या. गडचिरोलीचा तो प्रयोग २०११ पासून सबंध देशांत आशांच्या हातीं दिला गेला आहे. रुग्णालयांत प्रसूति झाली असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशीं, अशा सहा भेटी. त्यांनीं हात धुतले, बाळाला झोळींत घालून वजन केलें, मग बाळंतिणीच्या कांखेंत तापमापक ठेविला. घाण वास येतो का, रक्त किती जातें, हें हळू आवाजांत विचारलें. आम्हीं त्यांच्याकडून तो छापील नमुना पाहावयास मागून घेतला. बाळाचा ताप आणि आईचा ताप त्यावर एकाच कागदावर होते.

या कागदाचें पुढें काय होतें, असें आम्हीं विचारलें. त्या म्हणाल्या कीं, सगळ्या भेटी झाल्या कीं परिचारिकाबाई त्यावर सही करतात आणि तो आरोग्य केंद्रांत जमा होतो. मग त्याचे अडीचशें रुपये मिळतात. सही राहिली तर रुपये अडकतात, म्हणून ती आधीं पाहतात.